मधली भिंत आणि हिचं कपाट

३ मार्च
मधली भिंत काढली. एकट्याने. गवंड्याला हात लावू दिला नाही. हे घर मी पुस्तकं वाचून स्वतः उभं केलं, तेव्हा पाडायचा मानही माझाच. हॉल ऐसपैस झाला. फक्त भिंतीला लागून असलेलं हिचं लोखंडी कपाट आता भर हॉलमध्ये उभं. वर तिच्या माहेरची भांड्यांची ट्रंक; ट्रंक आणि छतात बोटभर फट.
संकल्प: रविवारी कपाट हलवणे.

५ मार्च
जावईबापू आले. पुलांच्या कामावर इंजिनिअर आहेत. वर बघत बसले, चहा निवून गेला. म्हणाले, बाबा, वर पाण्याची टाकी आहे ना? ती भिंत लोड घेत होती.
हल्ली जो तो हाच शब्द चघळतो. मुलाला ऑफिसात लोड, म्हणून फोन नाही. वायरमन म्हणतो लाइनवर लोड, म्हणून पंखा रडतो. सूनबाई मशीनमध्ये चादरींचा एक लोड टाकते आणि वर मलाच सांगते, बाबा, लोड घेऊ नका. मग घ्यायचा कोणी? आमच्या वेळी नुसतं ओझं असायचं, आणि ते माझ्या डोक्यावर.

८ मार्च
छताला केसाएवढी चीर. तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवली. चीर वाढली तर कागद फाटतो. ही युक्ती मला ठाऊकच होती. जावयांनी सांगितली तेव्हा आठवली.

९ मार्च
कागद फाटला. रद्दीतला होता.

१० मार्च
पुठ्ठा लावला. आता बघू.

११ मार्च
पुठ्ठा सुटला. खळ पातळ. हिने केली होती.

१४ मार्च
चहात पांढरी भुकटी पडली. म्हटलं, चुना आहे, हाडांना बरा. ही हसली नाही. हॉलचं दार खाली घासतंय. लाकूड फुगलं. सूनबाई म्हणाली, एवढ्या उन्हात? म्हटलं, लाकडाला काय कळतंय. तिने नातीचं अंथरूण पुढच्या खोलीत नेलं. पोरीला उगाच भित्री करतात.

१६ मार्च, रविवार
कपाट हलवण्याआधी ट्रंक उतरवायला स्टुलावर चढलो. ट्रंक हलेना. ती बोटभर फट कुठे गेली कळेना. हिला म्हटलं, किती कोंबशील, फुगली बघ. ही म्हणाली, अहो, वर्षभरात मी ती उघडलीसुद्धा नाही.
कपाट कण्हल्यासारखं वाजलं. बिजागऱ्यांना तेल हवं.
संकल्प: उद्या पहार घालून ट्रंक काढणे. फुकटचा लोड.

१७ मार्च, सकाळ
पहार आणली. कपाटाचं दार उघडेना, पत्राच पोटात वाकलाय. हलका माल, मी तेव्हाच म्हणालो होतो. ट्रंकेखाली पहारीचं टोक सरकवलं, जोर लावणार तेवढ्यात जावई आले. हॉलचं दार अर्ध्यावर अडतं, म्हणून आडवे होऊन शिरले. आवाज चढवायचा त्यांचा स्वभाव नाही. आजही हळूच म्हणाले, बाबा, जोर लावू नका. पहार तशीच सोडा आणि सावकाश खाली उतरा.
मी उतरलो. त्यांच्या कपाळावर घाम होता. खोलीत तसं उकडत नव्हतं.

१७ मार्च, संध्याकाळ
आम्ही सगळे अंगणात. लोखंडी टेकू येईपर्यंत आत जायचं नाही. वरची टाकी रिकामी केली. भिंत गेल्यापासून मधलं छत हिच्या कपाटाने तोलून धरलंय, म्हणतात. माहेरच्या ट्रंकेसकट. मुलगा फोनवर खूप वेळ बोलला, लोड असूनही. नात विचारते, आजोबा, आत कोण राहिलंय? म्हटलं, कपाट.
ही शेजारी पायरीवर येऊन बसली. माझ्या केसांतली भुकटी पदराने झटकली. मग म्हणाली, काय हो, कपाट कधी हलवताय?
मी चष्मा पुसत बसलो आहे.