मान, मफलर आणि मोटर

३ मार्च, सोमवार. निश, सर्बिया.
आजपासून राग बंद. डॉक्टरने बीपी बघून बजावलंय. १४ तारखेला ट्रामवाले मोटर बघायला येणार. फुल लोडवर तासभर, दीडशे डिग्रीच्या आत. जमलं तर लॅब माझी, नाहीतर माझ्या हाताखालच्या रुझित्साची. जमणारच! निम्म्या सर्बियाला कूलिंग मी शिकवलंय.
दुपारी मीटिंग. रुझित्सा म्हणाली, मोटरला हवा नेणारा पाइप हलवते. मला न विचारता! खुर्ची भिरकावली आणि निघालो. कुठे हलवते ते ऐकलं नाही. खुर्ची जुनीच होती.

५ मार्च
मान आखडली. केबिनमध्ये माझ्या पाठीमागे भिंतीला ताटाएवढं भोक! काल नव्हतं. खिडकीतून वारा येतो, मानेवरून भोकात जातो. प्रोमाया! आरपार वाऱ्याने माणूस मरतो हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. माझा मामा प्रोमायानेच गेला. दाखल्यावर हार्ट अटॅक लिहिलंय. डॉक्टरांना काय कळतंय!
भोकात मफलर कोंबला, बायकोने विणलेला. वर कोट. पुढे कपाट सरकवलं.

६ मार्च
मोटर एकशे नव्वदवर. रुझित्साने केलेलं तारांचं वाइंडिंगच भिकार. तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, साहेब, हवाच पोचत नाहीये, कुठेतरी तुंबलंय. मला हवा शिकवते! पाना भिंतीवर मारला. तिला नाही, भिंतीला. संयम म्हणतात तो हाच.

१० मार्च
टेक्निशियन ब्रातिमिर केबिनमध्ये शिरला. म्हणे, साहेब, पाइपचं तोंड बघायचंय, आणि लागला कपाट ओढायला. माझ्या मानेवरच उठलाय मेला! एकच ठोसा. नाक मोडलं. रक्त माझ्या शर्टावर, म्हणजे नुकसान माझंच. राग अजिबात आला नव्हता.

१४ मार्च
स्विच मी टाकला. वीस मिनिटांत धूर. रुझित्सा किंचाळली, बंद करा! मी आडवा उभा राहिलो, तिला कोपराने ढकललं. मग मोटर फुटली. एक तुकडा ट्रामवाल्याच्या कानाला चाटून दारात रुतला. माझ्या मांडीत तांब्याची तार घुसली. सगळ्या काचा खळ्ळकन खाली.
आता चहूकडून प्रोमाया.

१७ मार्च
चौकशी. रुझित्साने टेबलावर मफलर ठेवला. धुळीने काळा. म्हणाली, हा काढून दुसरी मोटर चालवली, ब्याण्णवच्या वर गेली नाही.
ब्याण्णव! पंखा माझा, आखणी माझी. म्हणजे माझं बरोबरच होतं! हे मी ओरडून सांगितलं. लॅब रुझित्साला.

२१ मार्च, शुक्रवार
मला तळघरातली खोली. ब्रातिमिर आला, नाकावर पट्टी. राकिया दारूची बाटली आणली होती. अर्धी मला पाजली, अर्धी मानेला चोळून दिली. म्हणाला, साहेब, होईल बरं. मला रडू आलं. मार खाल्लेला माणूस मला चोळतोय.
इथे खिडकी नाही, भोक नाही. वाऱ्याची झुळूक नाही.
मान तशीच आखडलेली आहे.