तिसऱ्या खांबाचं माप

२ सप्टेंबर

आलो एकदाचा. बसमध्ये पोट बिघडेल, पिशवी चोरीला जाईल, फाट्यावर कुणी घ्यायला येणार नाही, या सगळ्या धास्त्या फुकट गेल्या. मोजणीची इंजिनिअर रुम्याना स्वतः गाडी घेऊन आली होती. आमची लेक नेदा जगली असती तर आज एवढीच असती. पिशवी तिने माझ्या हातातून ओढूनच घेतली.

काम सोपं आहे. जुना पूल पुरात गेला, आता नदीवर तीन खांबांचा नवा होतोय. आरसा लावलेली काठी घेऊन ती सांगेल तिथे उभं राहायचं आणि जेवणाच्या सुट्टीत मोजणीचं यंत्र राखायचं. कामाची वेळ आणि हवा टिपायला तिने ही वही दिली. माझी शाळा चौथीतच सुटली, असं मी म्हणालो. त्यावर ती म्हणाली, आजोबा, ऊन पडलं हे लिहायला काय विद्यापीठात जावं लागतं का?

मुक्काम नदीकाठी, विधवा तोदोरकाच्या घरी. पुदिना घातलेला घेवड्याचा रस्सा तिने वाढला आणि माझी पिशवी पाहून म्हणाली, दोन सदऱ्यांचा माणूस आणि बोजा नवरीचा! बऱ्याच दिवसांनी हसलो.

५ सप्टेंबर. ऊन.

यंत्राची मला आता सवय झाली. तिपाईवर बसतं, एकच डोळा. मी काठी घेऊन चालू लागलो की मान वळवत माझ्या मागे मागे बघतं. माप घेतलं की पिक् करतं. पाळलेल्या जनावरासारखा जीव जडलाय त्याच्यावर.

पण त्याचं सॉफ्टवेअर चुकीचं आलं. डबा उघडला तर दुसऱ्याच यंत्राचं. प्लोव्दिवचा दुकानदार म्हणतो, पाठवतो, जरा थांबा. इकडे कंत्राटदार रोज फोनवर ओरडतो. शेवटी रुम्यानाने तिच्या मास्तरांच्या यंत्रातलं जुनं सॉफ्टवेअर काढून यात घातलं. मास्तरांनी आयुष्यभर पूलच मोजले, या वसंतात वारले. मेलेल्या माणसाची वस्तू वापरू नये, असं मला वाटलं. तसं बोललोही. ती म्हणाली, आजोबा, हे काय बूट आहेत का, पायाला चावायला?

९ सप्टेंबर. ऊन, थोडा वारा.

वेल्को मेंढपाळ पलीकडून चालला होता. ओरडून म्हणाला, फोटो काढताय होय? मग डाव्या बाजूने काढा, उजवीकडे दात नाहीत! सगळे हसले.

मी काठी धरून पाण्याशी उभा होतो. यंत्राने मला सोडलं. मान वळवून ते वेल्कोकडे बघू लागलं. वेल्कोकडे म्हणता येणार नाही, त्याच्या सावलीकडे. डोळा सावलीच्या डोक्यापासून पायांपर्यंत हळूहळू सरकला. मग पिक्.

रुम्याना म्हणाली, सॉफ्टवेअर चुकीचं आहे ना, चकाकणारं काहीही दिसलं की त्याला आरसाच वाटतो. वेल्कोच्या पट्ट्याचं बक्कल चकाकत होतं, हे खरं. पण सावलीला कुठलं आलंय बक्कल?

१४ सप्टेंबर. ढगाळ.

पहिल्या खांबाच्या पायात काँक्रीट ओतलं. तोदोरका कोंबडा घेऊन आली होती. नव्या बांधकामाला रक्त दाखवायचं असतं, आमच्याकडे कुणी ते चुकवत नाही. कंत्राटदाराने तिला हाकललं. म्हणाला, म्हातारे, त्याचं सूप कर आणि जा! ती कोंबडा काखोटीला मारून परत गेली. जाता जाता म्हणाली, दिलं नाही तर पूल आपलं आपण घेईल.

१७ सप्टेंबर

वेल्को गेला. विहिरीच्या कठड्यावर टेकला तो उठलाच नाही. त्याच्या दारावर फोटो छापलेला मरणाचा कागद लागला आहे. डावी बाजू.

मयताला वाटतात त्या उकडलेल्या गव्हाची वाटी घेऊन तोदोरका आली आणि चुलीपाशी बसून बोलली. नवीन काहीच बोलली नाही. माझा आजा गवंडी होता, मलाही ते ठाऊक आहे. जुने गवंडी जाणाऱ्या-येणाऱ्याची सावली गुपचूप दोऱ्याने मोजायचे आणि तो दोरा पायात चिणायचे. पूल टिकायचा. माणूस झिजून मरायचा आणि तलासम, म्हणजे भूत होऊन त्या पुलाची राखण करत बसायचा. लहानपणी नव्या भिंतीजवळून आई आम्हांला पळवत न्यायची. तोदोरका म्हणाली, एका पायाला एकच माप लागतं, नंतरचं घेतलं की आधीचं सुटतं. मग म्हणाली, खा, निवतंय.

२१ सप्टेंबर. ऊन.

आज तोदोरका आमचं जेवण घेऊन आली. दुपार कलली होती. यंत्राने तिच्या सावलीकडे मान वळवली. डोक्याचा रुमाल, खांदे, कंबर, पाय. पिक्.

तिने पाहिलं. हातातलं भांडं पडलं.

मी रुम्यानाच्या पाया पडायचाच बाकी राहिलो. तिने माझे हात हातात धरले. म्हणाली, आजोबा, योगायोग असतो हो. तरी माझ्यासाठी तिने दुकानात फोन लावला. नीट सॉफ्टवेअर घातलं की यंत्राची आठवण पुसली जाते म्हणे. तेवढं ऐकून बरं वाटलं. दुसरा पाया ओतायच्या आधी ते यायला हवं. चर्चमध्ये मेणबत्ती लावून आलो.

२५ सप्टेंबर

आलं नाही. दुसरा खांब ओतला.

तोदोरका घराबाहेर पडत नाही. खिडक्यांना घोंगड्या लावून अंधारात बसते, सावलीच पडायला नको म्हणून. मला म्हणाली, घाबरट म्हाताऱ्या, माझ्यामागे त्या कोंबड्याला दाणे टाकशील ना? टाकीन म्हणालो.

२८ सप्टेंबर

तोदोरका गेली. दारावरचा कागद मीच चिकटवला. फोटो तरुणपणीचा. एक कोपरा सारखा सुटत होता, तळहाताने दाबून धरून उभा राहिलो. कोंबडा पायांत घुटमळत होता.

१ ऑक्टोबर. ऊन.

सॉफ्टवेअर आलं! नीट, याच यंत्राचं. रुम्यानाने तोदोरकाच्याच टेबलावर बसून घातलं. पडद्यावरची पट्टी भरत गेली तसा मी देवाचं नाव घेत होतो. भरली. सुटलो, असं वाटलं.

मग नदीवर चाचणी. काठी मी धरायची, पण माझ्याकडून ती सरळ उभी राहीना. ती म्हणाली, आजोबा, काठी मी धरते, तुम्ही यंत्रापाशी थांबा. मी हात वर केला की हिरवं बटण दाबा.

तिने हात वर केला. मी दाबलं.

डोळा आरशावरच होता. देवाशपथ आरशावरच होता. मग मान खाली झुकली. जमिनीवर. तिच्या सावलीच्या वर केलेल्या हातापासून—

पिक्.

ती धावत आली, खुशीत. आकडे केसाएवढेही चुकले नाहीत म्हणाली. मी विचारलं, जुनी आठवण पुसली ना? ती हसली. पुसू कशी? मास्तरांची मापं, आपली मापं, सगळी आधी उतरवून घेतली आणि नव्यात घातली. एवढी मेहनत कुणी वाया घालवतं का, आजोबा?

बटण मी दाबलं.

२ ऑक्टोबर

सगळं सांगितलं. ती रडली. पण तोदोरकासाठी. मग म्हणाली, तुम्ही थकलात, घरी जा, पगाराचं मी बघते.

कुठलं घर? नेदा गेली तेव्हापासून—

कंत्राटदाराला सांगितलं, तिसरा पाया थांबवा. तो म्हणाला, म्हाताऱ्या, सकाळी सकाळीच राकिया चढवलीस की काय.

४ ऑक्टोबर

ती खोकतेय. सकाळपासून. धूळ आहे, म्हणते.

५ ऑक्टोबर. ऊन. फार ऊन.

काँक्रीटच्या गाड्या आल्या. सगळे जेवायला गेलेत. यंत्र राखायला मी. आल्यावर ओतणार.

नंतरचं घेतलं की आधीचं सुटतं. तोदोरका खोटं बोलायची नाही.

खड्ड्याच्या काठावर उभा आहे. ऊन पाठीवर. सावली समोर, खड्ड्यात. काठी नाही घेतली. आरसा नाही, काही नाही. फक्त मी.

कोंबड्याला दाणे टाकून आलोय.

बघ ना. इकडे बघ.

मान हलली— वळतंय— बरोबर माझ्याकडे. देवा, तुझे उपकार. माझ्या डोक्यापासून—

थांबलं. का थांबलं?

मागून हाक. आजोबा, मागे या, पडाल, म्हणतेय. खोकतेय. येऊ नकोस पोरी, तिथेच थांब, तिथेच—

पानावर सावली पडली. माझी नाही. माझी समोर आहे, ही तिची—