टाकीत बुडवलेला डाइव्ह कॉम्प्युटर

बाईसाहेब,

मनगटावर बांधायचा डाइव्ह कॉम्प्युटर पाणबुड्याचा जीव वाचवतो, असं माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापलंय. तुझा नवा कॉम्प्युटर मी काल गच्चीवरच्या टाकीत बुडवून पाहिला आणि तो रुसून बसलाय.

"हट्टाने आणलास तू, पुस्तिका वाचायची हौसही तुलाच, मग दे लावून," असं म्हणून तू झोपायला गेलीस. मी पुस्तिका अख्खी वाचली आणि नेमका भलताच मोड निवडला. त्या मोडमध्ये तो फक्त खोली आणि वेळ मोजतो, अंगात साचणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब ठेवत नाही. त्यामुळे टाकीतून ओढून काढल्यावर त्याने स्वतःला कुलूप घातलं. ते उद्या संध्याकाळपर्यंत उघडणार नाही. सगळी बटणं दाबली, शेवटी हातही जोडले.

खरं सांगू? कुलपाचं चित्र दिसलं तेव्हा मला बरंच वाटलं. मागे तू खोल पाण्यातून घाईने वर आलीस, त्याच नायट्रोजनचे अंगात बुडबुडे झाले, तेव्हापासून तुझ्या डाव्या हातातून कप निसटतात. डॉक्टर म्हणाले, "आता पाणी बंद." तू म्हणालीस, "आंघोळीचं पण?" आणि लगेच बंदरावर कामाला हजर. म्हटलं, आमचं ऐकत नाहीस, निदान यंत्राचं ऐकशील. दोन दिवस तरी घरात राहशील.

चहा थर्मासमध्ये आहे. कप स्टीलचा ठेवलाय. मी कॉलेजला शिकवायला निघालो.

तुझ्या सुपरवायझरचा फोन आला होता. त्यांना कॉम्प्युटरच्या कुलपाचं सांगितलं. ते म्हणाले, "काही हरकत नाही, तशीच पाठवा. आमच्याकडे तो कुणीच बांधत नाही."