अँबॅसिडरला बसवलेला बूस्टर

अण्णा,

परवा नव्या गाडीला चांगले ब्रेक बसवायचे म्हणून दुकानात गेले होते. दुकानदारानं दोन खोकी पुढे ठेवली, एक कंपनीचं आणि एक 'त्याहून भारी', आणि तो गोड बोलायला लागल्याबरोबर माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला. खोक्याचं सील उलटसुलट करून पाहिलं, जुने पॅड माझ्या हातात परत द्यायचे म्हणून बजावलं आणि काम होईपर्यंत समोर खुर्ची टाकून बसले. मुलगी म्हणाली, "आई, किती संशय घेतेस!" तिनं तुम्हाला पाहिलेलं नाही. मी तुमचीच लेक, आणि बसल्या बसल्या मला आपली अँबॅसिडर आठवली.

त्या वर्षी तुमची तक्रार एकच होती, ब्रेक उशिरा लागतो. मोंढ्यातल्या धान्यबाजारामागच्या गॅरेजातला मिस्त्री फौजेत गाड्यांच्या कामावर राहून आलेला. परभणीत त्याच्यासारखा हात नाही, हे तुम्हीच चारचौघांत सांगायचात. पण नामांतरावरून सगळीकडे वातावरण तापलं होतं. मिस्त्री बौद्ध, आणि विद्यापीठाचं नाव बदला म्हणून निघालेल्या मोर्चात तुम्ही त्याला पाहिलंत. तेव्हापासून त्याच्या हाताला तुम्हाला खोट दिसायला लागली. ब्रेकचे नवे लायनर तुम्ही स्वतः आणलेत आणि त्यानं बदलू नयेत म्हणून चाकूनं त्यांवर खूण केलीत. बसवून झाल्यावर चाक पुन्हा खोलायला लावलंत. खूण जिथल्या तिथं होती, तरी तुमचं समाधान झालं नाही. त्यानं चहा मागवला की तुम्ही घरचा थर्मास उघडायचात. मला तेव्हाही ते बघवत नसे, पण बोलत काही नव्हते.

मग कुणीतरी बूस्टरचं खूळ डोक्यात भरवलं. तो बसवला की पेडल हलकं होतं, जोर लागत नाही. मिस्त्र्याकडून मागवायचा तर तो जुना गळ्यात मारील, म्हणून तुम्ही रेल्वेनं हैदराबादला जाऊन बूस्टर मांडीवर घेऊन आलात. मिस्त्र्यानं तो फडक्यानं पुसून पाहिला.

"चीज चांगली हाय, मालक. पन गाडीला ह्याची गरज न्हाई. ब्रेक बरूबर धरायलाय."

"तुझ्याकडून न्हाई घेतला म्हणून गरज न्हाई, असंच ना?" तुम्ही म्हणालात.

त्यानं तो बसवला. मग तुम्हाला शेजारी आणि मला मागे बसवून स्वतः गाडी काढली. लिंबाच्या झाडापाशी त्यानं ब्रेक दाबला तसं माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. नंतर तुम्ही चालवलीत. तोच रस्ता, तेच झाड, आणि गाडी झाडाच्या चांगली पुढे जाऊन थांबली. शेजारी बसलेला मिस्त्री खाली वाकून तुमच्या उजव्या पायाकडे बघत होता.

"मालक, पायाला मुंग्या येतेत का?"

"तू गाडी दुरुस्त कर. माझा पाय नको करू."

अण्णा, मला त्याच्याआधीच दिसलं होतं. तुम्ही पेपर वाचत अंगणातून ओसरीकडे येताय. उजवी चप्पल मागेच राहिलीय, तुम्ही एका चपलेवर चालत येताय आणि तुम्हाला पत्ताच नाही. मी चप्पल आणून पायाशी ठेवते. "कुत्र्यानं ओढली असंल," तुम्ही म्हणता. आपल्याकडे तेव्हा कुत्रं नव्हतं. असं मी तीनदा पाहिलं. तुमची साखर वाढलेली होती, डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं होतं आणि तुम्हाला डॉक्टरचाही संशय होता. मी काही बोलले असते तर माझाही आला असता.

पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला निघालो तेव्हा आई पुढे बसली होती. समोर कापसाची बैलगाडी, चांगली लांबून दिसत होती. आई "अहो, अहो" म्हणेपर्यंत आपण तिला मागून धडकलो. बैल वाचले, गाडीवानही वाचला. आईचं मनगट मोडलं. तुम्ही खाली उतरलात, तिच्याकडं बघण्याआधी बॉनेटकडं बघितलंत आणि म्हणालात, "त्यानं मुद्दाम केलं. त्या लोकायचा हाच धंदा हाय." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही तेच सांगितलंत. पराचा कावळा व्हायला वेळ लागला नाही. मिस्त्र्यानं नट ढिला ठेवला, अशी गोष्ट मोंढ्यापर्यंत पोचली.

चार दिवसांनी तो आपल्या फाटकाशी आला. तुम्ही शेतावर गेला होतात. त्याला आत बोलवावं, हे मला सुचलं नाही. खरं सांगते, सुचलं होतं.

"ताई, भाइर उभी हाय ती गाडी मी आत्ता पुन्ना बगितली. नट, पाइप, समदं जाग्यावर हाय," तो म्हणाला. "लोक माज्याकडं गाड्या आनंना गेलेत. तुमी घरात असता, तुमी खरं सांगा. असा बधिर पाय मी फौजेत बगितलाय. मालकाच्या पायातली चप्पल सुटती का न्हाई?"

मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नाही. तसं काही मी पाहिलं नाही."

तो "बरं," म्हणाला आणि सायकल घेऊन गेला.

मी का खोटं बोलले? तुमच्या इभ्रतीसाठी, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण तुमचा शब्द खोटा पडला असता तो त्याच्यासारख्याच्या तोंडून, आणि ते मलाही नको होतं. तुमच्या थर्मासातला चहा मीही पीत होते, अण्णा.

दिवाळीच्या आत गॅरेज बंद झालं. मिस्त्री गंगाखेडला गेला, असं ऐकलं. पुढे तुमच्या अंगठ्याला जखम झाली, काळी पडली, आणि डॉक्टर म्हणाले की ह्या पायाला कित्येक वर्षांपासून काही कळतच नसणार. तुम्ही भिंतीकडं तोंड करून झोपलात. संध्याकाळी विचारलंत, "त्या मिस्त्र्याचं काय झालं गं?" मी म्हणाले, माहीत नाही. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. तुम्हाला सगळं कळून चुकलं होतं, का ते माझ्याकडून ऐकायचं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तर इतकं लिहिता आलं. मिस्त्री वयानं तुमच्यापेक्षा पुष्कळ लहान होता, अजून हयात असेलही. गंगाखेडला चौकशी केली तर पत्ता मिळेल. मी ती एकदाही केलेली नाही.