टूटू आणि तुझी नायलॉनची साडी

आई, तुझी नात आता अकरा वर्षांची आहे. तू तिला पाहिलं नाहीस, ती जन्मायच्या कितीतरी आधी तू गेलीस. आम्ही रायस्वाइकला राहतो, हेगला लागूनच. शाळा सुटली की ती सायकलने फोरबर्गला बॅलेच्या क्लासला जाते. यंदा कार्यक्रमासाठी तिला पहिल्यांदाच टूटू मिळाला. टूटू म्हणजे बॅलेचा तो आखूड, ताठ घागरा. जाळीच्या कापडाचे थर एकावर एक शिवलेले, कमरेभोवती ताटासारखे आडवे पसरणारे. माप द्यायला मी सोबत गेले होते. ती आरशासमोर गिरक्या घेत होती आणि मी त्या जाळीची कड चिमटीत धरून तिच्या बाईंना विचारलं, "हे पेट घेतं का?" बाई हसल्या. मग माझ्याकडे नीट पाहून हसायच्या थांबल्या. "आमच्या स्टेजवर आग नसते," त्या म्हणाल्या. "नुसते दिवे असतात, तेही गरम होत नाहीत." परतताना मुलगी सायकल पुढे पुढे काढत राहिली. मी तिला सगळ्यांसमोर लाज आणली होती.

इथल्या शाळेत प्रत्येक मुलाला एकेका विषयावर वर्गासमोर उभं राहून बोलावं लागतं. स्प्रेकब्युर्ट म्हणतात त्याला. हिने विषय घेतला टूटूचा. वाचनालयातून पुस्तकं आणली आणि मी भाजी चिरत असताना ओट्याशी बसून मला त्यातलं सांगत राहिली. सुरुवात मराठीत करायची आणि दुसऱ्या वाक्याला डचवर जायचं, अशी तिची पद्धत. आधी हा घागरा लांब होता म्हणे, पोटरीपर्यंत, पांढऱ्या तलम कापडाचा, नर्तकीचे पाय जमिनीला टेकतच नाहीत असं वाटावं म्हणून. पुढे पायांचं काम अवघड होत गेलं, ते लोकांना दिसायला हवं झालं, तसा घागरा वर सरकत गुडघ्याच्याही वर गेला. आणि नाव? फ्रेंच लोक लहान मुलांशी बोबडं बोलताना ढुंगणाला काहीसा असाच शब्द वापरायचे, त्यावरून आलं असावं म्हणतात. हे सांगताना तिला हसू आवरेना. मीही हसले. मग तिने पान उलटलं आणि म्हणाली, "आई, त्या जळायच्या."

तेव्हा रंगमंचावर गॅसचे उघडे दिवे असायचे. घागऱ्याची कड ज्योतीला लागली की बघता बघता नर्तकी पेटायची. कापड तुरटीसारख्या कसल्याशा पाण्यात बुडवून काढलं तर ते सहज पेट घेत नसे, पण मग पिवळट आणि कडक व्हायचं. एका तरुण नर्तकीने तसं कापड घालायला नकार दिला. ती तालमीतच पेटली, आणि काही महिने अंथरुणात तळमळून गेली. पुस्तकात तिच्याबद्दल एक डच शब्द होता. मुलीने तो मोठ्याने वाचला आणि मला त्याला मराठीत एकच शब्द सुचला. हौस. मी सुरी खाली ठेवली.

आपलं अमरावतीचं स्वयंपाकघर. मी सात वर्षांची आहे, उंबऱ्यावर बसून पाढे लिहिते आहे. तू तुझ्या खेड्यातल्या शाळेत शिकवून नुकतीच आली आहेस आणि साडी न बदलताच स्टोव्हला पंप मारते आहेस. आकाशी रंगाची नायलॉनची साडी, बारीक पांढरी फुलं. तू साखरेचा डबा घ्यायला वळतेस आणि पदर ज्योतीवर जातो. तू किंचाळली नाहीस, याचं मला आजही नवल वाटतं. माझ्याकडे हात करून एवढंच म्हणालीस, "बाहेर जा." नायलॉन नुसतं जळत नाही, वितळून अंगाला चिकटतं. शेजारच्या काकूंनी धावत येऊन तुझ्यावर सतरंजी टाकली. तू दवाखान्यातून परत आलीस तेव्हा पावसाळा संपला होता. मान, डावा खांदा आणि दंडाची कातडी चकचकीत, ओढून बसवल्यासारखी. त्यानंतर अमरावतीच्या उन्हाळ्यातसुद्धा तू पूर्ण बाह्यांचं पोलकं घातलंस. तुला भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला बाबांची आई सांगायची, "नायलॉनची हौस नडली हो. सुती असती तर एवढं झालं नसतं." तू आतल्या खोलीत असायचीस, तुला सगळं ऐकू जायचं. बाबा पेपर वाचत असायचे.

पाचवीत मला गॅदरिंगमध्ये परी व्हायचं होतं. मैत्रिणीचा जाळीचा फ्रॉक मागून आणला, घालून तुझ्यापुढे आले, तर तू माझ्या थोबाडीत मारलीस. आयुष्यात तेवढं एकदाच. मग स्वतःची पांढरी वायलची साडी कापून फ्रॉक शिवलास, झालरीवर झालर, कडक खळ घालून. माझा नंबर येईपर्यंत खळ उतरली, झालरी लोंबायला लागल्या आणि मी बाकीच्या पऱ्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. घरी तू विचारलंस, "फार वाईट दिसत होता का गं?" तुझ्या त्या आवाजाची आठवण मला फोरबर्गच्या आरशासमोर आली होती.

तर त्या संध्याकाळी मी मुलीला पहिल्यांदा तुझ्याबद्दल सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आजीची चूक होती?"

"सगळे तसंच म्हणायचे."

"पण आजीला कोणी विचारलं होतं?" मग पुस्तकावर बोट ठेवून म्हणाली, "हिला पण नाही विचारलं. ते उघडे दिवे तर थिएटरवाल्यांनी लावले होते ना? हे बरोबर नाही."

बाबा आता नागपूरला दादाकडे असतात. रविवारी मी त्यांना फोन केला.

"बाबा, आईची ती आकाशी साडी कोणी घेतली होती?"

मागे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. "हे काय आज मधेच?"

"नात विचारते आहे."

मग म्हणाले, "मीच आणली होती. तिला सुतीच हवी होती. पण सुतीला खळ करा, इस्त्री करा, आणि तिला तर पहाटे डबे करून एसटी गाठायची. मी म्हटलं, ही रात्री धुतली की सकाळी वाळते. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, नेस गं, सगळ्या नेसतात."

"मग तुमची आई 'हौस नडली' म्हणायची तेव्हा तुम्ही..."

"तेव्हा सांगायचं राहून गेलं."

राहून गेलं! कोथिंबीर आणायची राहून जावी तसं म्हणाले ते. मी विचारलं, मग आई का बोलली नाही? तर म्हणाले, "दवाखान्यात तिनेच सांगितलं मला. म्हणाली, साडी तुम्ही आणली हे मुलांना कळू देऊ नका. तुमचा राग करतील."

मुलीने वर्गात तुझं सांगितलं. घरी आली तेव्हा दमलेली होती. मी विचारलं, काय बोललीस? ती म्हणाली, "मी म्हटलं, माझ्या आजीला ती साडी नकोच होती." नंतर कार्यक्रमही झाला. छान नाचली असं सगळे म्हणाले. मी मात्र पूर्ण वेळ खुर्चीचे हात धरून बसले होते, आणि पडदा पडल्यावर आधी श्वास सोडला, मग टाळ्या वाजवल्या. तुझ्यावर रागवावं असंही वाटतं मला. इतकी वर्षं तो 'हौस' शब्द तू मुकाट्याने अंगावर वागवलास, आणि तोही आम्हाला बापाचा राग येऊ नये म्हणून!

खरं तर हे पत्र मी तुझ्या नावाने लिहून बाबांना पाठवणार होते. नाही पाठवणार. ते ऐंशीच्या पुढे आहेत, भिंग घेऊन एकेक ओळ वाचत बसतील. पण तुला जे नको होतं ते झालंच आहे, आई. दर रविवारी त्यांचा फोन येतो. मी आवाज बंद करून तो तसाच वाजू देते, आणि आजोबा फोन का करत नाहीत असं मुलीने विचारलं की सांगते, त्यांच्याकडे हल्ली रेंज नसते.