मानाची वाटी आणि माझा डावा डोळा

तीर्थस्वरूप देवव्रतदादा यांस, पंचवटीहून धाकट्या वेणीमाधवाचे कृतानेक नमस्कार.

आम्ही सारे ठीक. तुमचा गुडघा आणि वहिनींची ॲसिडिटी कशी आहे ते कळवावे. हे फोनवरही विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही कशालाही ‘बरं, बरं’ म्हणता आणि थेट तुमच्या कळवणच्या कांद्याच्या भावावर जाता. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

विषय मानाच्या वाटीचा आहे. आपल्या घराण्यात ज्याच्या दोन्ही पापण्यांवर, नाकाकडच्या कोपऱ्यात, पिवळ्या टिकल्या उठतात तो भाग्यवान. पंगतीत पहिलं पान त्याचं, आणि ती चांदीची वाटी पातळ तुपाने काठोकाठ भरून त्याच्यापुढे. रिकामी झाली की तुमच्या आईने, म्हणजे इथे आमच्याजवळच राहणाऱ्या मंगलाकाकूने, पुन्हा भरायची. (पुरणपोळी असली तर तिसऱ्यांदा.) तो मान माझ्या बाबांचा होता, मग तुमच्या वडिलांकडे आला आणि आता तुमच्याकडे आहे. तुम्ही ती तोंडाला लावता तेव्हा समोरच्या पानावर मी भातातलं चमचाभर तूप शोधत असतो, हे तुमच्या कधी लक्षात आलं नसेल. रामकुंडावर अख्ख्या मुलखाचे पितर मी तृप्त करतो, पण घरात मला कोणी वाटी विचारत नाही.

तर गेल्या दिवाळीत माझ्या डाव्या पापणीवर टिकली उगवली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. अनसूयेला वाटलं हळद लागली आहे, तिने ओल्या फडक्याने ती घासून पाहिली. (बायकोला नवऱ्याचं भाग्य आधी डागासारखंच दिसतं.) काकूने मला खिडकीशी उभं केलं, चष्मा लावून दोन्ही डोळे तपासले आणि निकाल दिला, “एकच आहे रे. दुसरी येऊ दे, मग बघू.” तेव्हापासून रोज सकाळी आरसा. संकल्प सांगता सांगताही माझं बोट उजव्या पापणीवर जाई आणि यजमानांना वाटे गुरुजींना गहिवरून आलं. एकाने तर आपल्या गेलेल्या आजीचा स्वभाव किती कडक होता ते सांगून मलाच धीर दिला. तेवढ्यात आमच्या इराचं लग्न ठरलं, पुढच्या महिन्यात घरी केळवण करायचं ठरलं, आणि उजवा डोळा आपला कोराच. शेवटी मी रिक्षा करून कॉलेज रोडवर कातडीच्या डॉक्टरकडे गेलो. डॉ. तृप्ती, वयाने इराहून थोडी मोठी असेल.

तिने बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाली, काढता येईल. मी म्हटलं, काढायची नाही, दुसरी कधी येते ते सांगा, केळवण जवळ आलं आहे. तिने बॅटरी खाली ठेवली. मग घरात आणखी कोणाला आहेत, वडील कशाने गेले, कितव्या वर्षी, असं एकेक विचारत गेली. मी म्हटलं, बाबांना भाग्याची दृष्ट लागली. आणि काका? त्यांनाही दृष्टच. दोघेही पन्नाशीच्या आसपास, दोघांच्याही छातीत कळ आली, असं सांगता सांगता माझाच आवाज बारीक झाला. तिने रक्ताची तपासणी लिहून दिली. दुखणं डोळ्याचं (दुखणं तरी कुठलं), मग रक्त दंडातून कशाला, असा वाद मी घालून पाहिला. ती शांतपणे म्हणाली, “काका, ही चरबी आहे. रक्तात जास्त झाली की कधीकधी पापणीखाली साचते. सगळ्यांचंच तसं नसतं. पण तुमच्या घरचं जे ऐकतेय त्यावरून पाहायला हवं. पापणीवरची दिसते तरी. हृदयाच्या नळ्यांत साचली तर दिसत नाही.”

दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. रिपोर्टातला आकडा तिने वाचला तेव्हा मला वाटलं कोणाचा तरी फोन नंबर सांगते आहे. आता रात्री एक गोळी, सकाळी तपोवनापर्यंत चालणं, आणि तूप वासापुरतं. अनसूया हे सगळं फार उत्साहाने पाळते आहे. श्राद्धाच्या पानावर मी दुसरा लाडू नको म्हणतो तेव्हा यजमानांचे चेहरे असे होतात की जणू त्यांचे पितर माझ्यामुळे उपाशी परत चालले.

एकूण, वाटीवरचा माझा हक्क मी सोडला आहे. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला जपावे, आणि केळवणाला आदल्या दिवशीच या.

आपला
वेणी

ता. क. : तुम्ही म्हणाल, याला एकच टिकली आली म्हणून हा जळतो. खुशाल म्हणा. पण काल बाबांच्या आणि काकांच्या तसबिरी पुसत होतो. दोघांच्याही पापण्यांवर टिकल्या स्पष्ट दिसतात. येत्या श्रावणात तुम्ही काका गेले त्या वयाचे व्हाल. दादा, मला भीती वाटते. त्या भिंतीवर मला आणखी कोणी नको आहे. येण्याआधी कळवणलाच रक्त तपासून घ्या, एवढ्यासाठीच हे सारं लिहिलं.

ता. क. दुसरा : वाटी नको म्हणा, पण का ते काकूला सांगू नका. काकांची वाटी जन्मभर तिने आपल्या हाताने भरली. डॉक्टर म्हणते, दोष नुसत्या तुपाचा नाही, घराण्याच्या रक्तातच आहे. पण काकूला त्यातलं तूपच तेवढं ऐकू येईल. म्हणून मी तिला सांगून टाकलं आहे की तुम्ही मार्चमध्ये गयेला गेला होतात आणि तिथे रिवाजाप्रमाणे आवडती वस्तू म्हणून तूप सोडून आलात. वहिनींनाही गयेला नेलं आहे, त्यांना कल्पना द्यावी.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवलेलं पुन्हा उघडतो आहे. काकू आत्ता येऊन बसली. म्हणाली, “मार्चमध्ये देवव्रत इथंच होता की रे, गुडघ्याला लेप लावून.” तिने कपाटातून वाटी काढली, पदराने पुसली, बराच वेळ हातात धरून बसली. मग म्हणाली, “बरं केलंस. यांच्या वेळीही मला कुणीतरी असंच खोटं सांगायला हवं होतं.” वाटी तिने घासून ठेवली आहे. केळवणाला पहिलं पान तुमचंच, वाटीत ताक असेल, आणि ते तुम्ही मुकाट्याने प्यायचं आहे.