खोकला आणि सोयरीक

११ जानेवारी १९८८, सोमवार
खोकला जात नाही. दिवाळीनंतर कधीतरी लागला तो लागलाच. आज परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या भांडारात बियाण्याची पोती लावून घेत होतो, तेवढ्यात अशी उबळ आली की खाली बसावं लागलं. साहेब म्हणाले, बियाण्याला चोळलेल्या औषधाची धूळ जात असेल नाकातोंडात. असेल. तेच असावं.
घरी बायको, कस्तुरा, अडुळशाचा काढा देते, करडईचं तेल कोमट करून छातीला चोळते. तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

१७ जानेवारी, रविवार
वालूरची मंडळी येऊन गेली. पोरीची, शीलाची, सोयरीक पक्की झाली! मुलगा भुजंग, सेलूला शाळेवर आहे. मान खाली घालून बोलतो, पण बोलतो ते नीट. त्याचे वडील भगवानराव वालूरला पोस्टात होते, आता निवृत्त. माणूस मोकळा वाटला. लग्न मे महिन्यात, विहारात, साधंच करायचं ठरलं.
बोलता बोलता भुजंगच्या आईनं, दगडाबाईंनी, विचारलं की घरात कुणाला काही दुखणंबिखणं तर नाही ना. सगळेच विचारतात. कस्तुरानं नाही म्हणून सांगितलं. मी तेव्हा परसात जाऊन तोंडात रुमाल कोंबून खोकत होतो.
निघताना भगवानराव म्हणाले, "माझा साडू हितं सरकारी दवाखान्यात कंपाउंडर हाय. कायबी लागलं तर बिनधास्त जा."
आता तिथं कसा जाणार मी?

१९ जानेवारी, मंगळवार
रुमालावर लाल ठिपका. पान खाल्लं नव्हतं.

२१ जानेवारी, गुरुवार
कस्तुराला दाखवला रुमाल. तिनं तो चुलीत टाकला. मग म्हणाली, "परभणीत नगं. भायेर दाखवू."
पूर्णेला दर बुधवारी नांदेडहून छातीचे डॉक्टर येतात असं ऐकलं आहे. पूर्णेत माझं कुणी ओळखीचं नाही.
आमच्या लहानपणी गावात एकाला हा रोग झाला होता. मळ्यात निराळी खोप घालून दिली होती त्याला. भाकरी लांबून ठेवायचे. त्याच्या बहिणीचं लग्न शेवटपर्यंत जमलं नाही. हे आजच का आठवावं!

२७ जानेवारी, बुधवार
सकाळच्या पॅसेंजरनं पूर्णेला. हापिसात सांगितलं, बहीण आजारी आहे. डॉक्टर वयानं माझ्याहून लहान. नळी लावून पाठ, छाती, सगळं ऐकलं. छातीचा फोटो काढायला लावला, बेडका तपासायला घेतला. वजन कमी झालंय का, संध्याकाळी अंग गरम होतं का, भूक कशी आहे — विचारत गेले आणि मी हो हो म्हणत गेलो. एवढं सगळं होत होतं आणि मी धुळीवर ढकलत होतो.
निकाल पुढच्या बुधवारी. हा आठवडा कसा जायचा?

३१ जानेवारी, रविवार
शीलानं माझ्या उष्ट्या कपातला राहिलेला चहा पिऊन टाकला. लहानपणापासूनची सवय तिची. मी ओरडलो. एवढ्या जोरात की शेजारच्या बायका डोकावल्या. ती कप हातात धरून तशीच उभी राहिली.

३ फेब्रुवारी, बुधवार
टीबी आहे.
लिहून टाकलं. डॉक्टरांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, जसं काही पडसं आहे. गोळ्या नेमानं घ्या, एकही दिवस चुकवू नका, बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका, पूर्ण बरे व्हाल. मी विचारलं, ताट-वाटी निराळी ठेवू का? अंथरूण? मुलगी आहे घरात, लग्नाची आहे. म्हणाले, ताटानं होत नाही, खोकल्यातून होतो. खोकताना तोंडावर फडकं धरा, खिडक्या उघड्या ठेवा, काही आठवडे जरा जपा.
ऐकलं सगळं. तरी येताना बाजारात थांबून निराळा पेला घेतलाच.

५ फेब्रुवारी, शुक्रवार
लघवी लाल! कुंकवाच्या पाण्यासारखी. रोग खाली उतरला का? मूत्रपिंडात गेला? कस्तुराला सांगितलं नाही. बुधवारपर्यंत थांबायचं कसं?

१० फेब्रुवारी, बुधवार
डॉक्टर हसले. त्या लाल गोळीचाच रंग उतरतो म्हणे. गेल्या वेळी सांगितलं होतं, तुमचं लक्ष नव्हतं. खरं असेल. टीबी हा शब्द ऐकल्यावर पुढचं माझ्या कानात शिरलंच नव्हतं.
आता महिन्याभरानं बोलावलंय.

२१ फेब्रुवारी, रविवार
ओसरीवर झोपतो. उकडतं म्हणून सांगितलंय, पण अजून उकडत कुठं आहे! शीला जवळ येऊन बसली की मी उठतो, काहीतरी काम काढतो. ती शिकवते त्या बालवाडीतल्या पोरांच्या गमती सांगायला येते आणि मी पाठ फिरवतो.
आज ती कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "बाबा, तुमच्या मनात न्हाई का ही सोयरीक?"
मी म्हणालो, आहे की.
"मग माज्याकडं बगत का न्हाईत तुमी?"
हापिसातलं टेन्शन म्हणालो. तिला पटलं नाही. घड्या अर्ध्या टाकून आत गेली.

६ मार्च, रविवार
नामांतराच्या सभेला गेलो नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच. घोषणा देताना खोकल्याची उबळ आली तर? लोक काय समजतील? वस्तीतला दत्तराव बोलवायला आला होता. दारातूनच नाही म्हणालो. तो म्हणाला, "दिनकरराव, तुमीबी आता घाबरायलात?"
हो म्हणालो. त्याला वाटली ती भीती निराळी.

९ मार्च, बुधवार
पूर्णेला जाऊन आलो. वजन वाढलंय. डॉक्टर खूश होते, बेडका पुन्हा तपासायला घेतला. खोकला खरंच कमी आहे. भाकरी गोड लागते. सुटलो, असं वाटतं आणि वाटलं की लगेच भीती वाटते. बाहेर काढून टाकलेला रोग पुन्हा आत शिरत असेल का?

१९ मार्च, शनिवार
शीला खोकायली.
कालपासून. कोरडा खोकला, अंग कोमट. कस्तुरा म्हणते, हवा बदलायली, पोरं शिंकतात बालवाडीत, तिथनंच आला असंल. मी ओसरीवर बसून नुसता तिचा खोकला ऐकतोय. तो कप! पोरीनं माझा चहा पिला होता.
हे माझ्यामुळं झालं असेल तर मी जगून काय करू?

२१ मार्च, सोमवार
तिला सगळं सांगितलं.
सांगणार नव्हतो. पण पूर्णेला दाखवायला जाऊ म्हटलं तर ती विचारणारच, साध्या खोकल्यासाठी पूर्णेला कशाला? कस्तुरा चुलीपाशी होती. मी ओसरीवरच्या खांबाकडं बघत बोललो. रोग, गोळ्या, निराळा पेला, कप, ओरडलो ते.
मला वाटलं, शीला उठून जाईल. ती उठलीच, पण माझ्याजवळ येऊन बसली. मी सरकलो. ती पुन्हा जवळ आली. म्हणाली, "मला वाटलं, मी तुमाला जड झाले."
किती दिवस ही पोर हे मनात घेऊन हिंडत होती.

२३ मार्च, बुधवार
दोघं पूर्णेला गेलो. डॉक्टरांनी तिचीही छाती ऐकली, फोटो काढून घेतला. काही नाही! साधं सर्दी-पडसं. तरी पुढच्या वेळी बेडका बघू म्हणाले, घरातल्या सगळ्यांनी एकदा तपासून घ्या. माझ्या बेडक्यात आता जंतू दिसत नाहीत. दोन्ही बातम्या एकाच दिवशी. फलाटावर पेरू घेतले. शीलानं एक पेरू मधोमध तोडून अर्धा माझ्या हातात दिला. मी तिच्याकडं बघितलं. ती खात होती.

२७ मार्च, रविवार
शीला म्हणते, वालूरला सांगायचं. लग्नाच्या आधी.
कस्तुरा चिडली. बरे झालात की झालं, कोण विचारायलंय आता, असं ती मला म्हणाली. माझं मन कस्तुराच्या बाजूनंच. डॉक्टरांनी सहा-आठ महिने गोळ्या सांगितल्यात. लग्न मेमध्ये. त्या आधी नाही कळलं तर नंतर कळेल आणि तेव्हा पोरगी त्यांच्या घरात असेल. बोलणी तिला खावी लागतील.
आणि आधी सांगितलं तर? मोडलं तर? आमच्या लोकांत बातमी पसरायला वेळ लागत नाही. बापाला टीबी, मग पोरीलाही असणार. पुन्हा कोण येईल?
शीला एवढंच म्हणाली, "लपवून नका देऊ मला, बाबा. मला तितं खोकताबी येणार न्हाई मग."

४ एप्रिल, सोमवार
आज जाऊ म्हटलं वालूरला. गेलो नाही. हापिसात गर्दी होती. गर्दी नव्हती.

८ एप्रिल, शुक्रवार
भगवानरावांचा निरोप आला. लग्नाची तारीख जरा पुढं ढकलता येईल का, असं विचारलंय. कारण काही नाही. कळलं असणार. साडूच्या कानावर गेलं असेल कुठून तरी. की भुजंगला दुसरी मुलगी सांगून आली? कस्तुरा तेव्हापासून जेवली नाही. शीला बालवाडीत गेली, पण बांगड्या काढून ठेवून गेली. का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

१२ एप्रिल, मंगळवार
ठरवलं. उद्या डॉक्टरांना दाखवतो आणि परवा जयंतीची मिरवणूक झाली की वालूरला जातो. त्यांनी मोडायचंच ठरवलं असेल तर मोडू देत, पण माझ्या तोंडून ऐकून मोडू देत. काय बोलायचं ते मनात घोळवतोय. सुरुवात काही केल्या जमत नाही.

१३ एप्रिल, बुधवार
परतीच्या गाडीत लिहितोय.
डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर तोंडाला उपरणं लावून भगवानराव बसले होते. ते एरवी दुपारच्या गाडीनं यायचे म्हणे, आज सकाळची धरली. मला बघून त्यांनी उपरणं खाली घेतलं.
मग ते म्हणाले, "कुणाला घेऊन आलात?"
"कुणाला न्हाई. मीच."
ते सरकले, मला जागा केली. म्हणाले, "भुजंगला ठावं न्हाई अजून. मी बरा झाल्यावर लगीन करू म्हटलं."
त्यांचं तिकीट सेलूचं आहे, वालूरला तिथूनच जातात. पण परभणीला माझ्याबरोबर उतरतो म्हणालेत. शीलासमोर आधी कोण बोलणार, ते अजून ठरायचंय.